दुसरा थेंब

थोर माणसाची ओळख संकटात पटते, असं आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. हिराजी भोईर यांची ओळख मला आमच्या न्हाणीघरात पटली. ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे होते, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, आणि छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली त्यांनी जीभ बाहेर काढली होती. मी स्टूल धरून उभा होतो आणि दुसरीकडे बघत होतो.

पहिला थेंब त्यांनी थुंकला. दुसरा तोंडात ठेवून जरा थांबले. मग खाली उतरले, लुंगीला हात पुसले आणि म्हणाले, "पालिकेचं हाय. वरच्या किचनमदनं येतंय. बेसिनच्या खालचा जोड गेला असंल."

"हे सगळं चवीवरून?"

"गोड हाय ना, मास्तर. गोड म्हंजे पालिकेचं."

मी मास्तर नाही. वसईच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. भोईरकाकांच्या मते पुस्तकांजवळ बसून पगार घेणारा तो मास्तर. त्याला शिकवता येत नसलं तर तो त्याचा प्रश्न.

त्यांची जीभ समजायची तर आमच्या इमारतीचं पाणी समजावं लागतं. फुलपाड्यातल्या आमच्या चार मजल्यांत दोन पाणी वाहतात. एक पालिकेचं, दिवसाआड येणारं, गोड. दुसरं बोअरिंगचं, कधीही मिळणारं, खारट-मचूळ. गच्चीवर त्यांच्या दोन वेगळ्या टाक्या, भिंतींतून दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि प्रत्येक स्वयंपाकघरात दोन तोट्या. गोडं पाणी पिण्याला आणि चहाला, मचूळ पाणी भांड्यांना आणि संडासाला. नव्या सुनेला आमच्याकडे आधी तोट्या दाखवतात, देवघर नंतर. त्यामुळे छतातून थेंब पडला, की तो या दोघांपैकी कुणाचा हे कळलं तरी निम्मी भिंत फोडायची वाचते. हे कळणारा माणूस आमच्या इमारतीत एकच होता आणि तो तळमजल्यावर मुलाकडे राहत होता.

"आणि संडासाचंच पाणी असलं तर?" मी विचारलं होतं.

"वास घेतो की पैला. वास आला तर चाखत नाय. मानूस हाय मी."

वरच्या मजल्यावर मिश्राभाभी राहतात. "हमारे यहाँ तो सब सूखा है, काका," असं म्हणतच त्यांनी दार उघडलं. भोईरकाकांनी बेसिनखाली हात घातला आणि ओला पंजा काढून त्यांच्यापुढे धरला. भाभींनी चहा टाकला.

पहिला थेंब का थुंकायचा, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. स्लॅबमधून झिरपताना पाणी चुना घेऊन येतं. पहिला थेंब त्या चुन्याचा. दुसरा जिभेच्या कडेला ठेवायचा आणि घाई करायची नाही. त्यावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "गोडं पानी रंग खराब करतं, मास्तर. खारं पानी घर खातं." आत लोखंडाची सळई असते, तिला मीठ लागलं की ती फुगते आणि सिमेंटला ढकलून देते. हे बाहेरून दिसत नाही. दिसतं तेव्हा ते खाली आलेलं असतं.

हे सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. लोक त्यांना वस्ताद समजत, पण ते मुळात भ्यालेले गृहस्थ होते. पाण्याला इतकं भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळी जिना चढताना उजवा तळवा भिंतीला लावून चढायचे. वयामुळे आधार घेतात असं सगळ्यांना वाटे. ते ओल शोधत असत. कुठल्या मजल्यावर भिंत कालच्यापेक्षा गार लागते, हे त्यांना चौथ्या मजल्यापर्यंत पाठ होतं. एखादी भिंत कोरडी लागली तरी त्यांचं समाधान होत नसे. "सुकी भिंत खोटं बोलते," म्हणायचे आणि उद्या परत यायचे.

ते मूळचे वसईजवळच्या जूचंद्र गावचे. बापाची खाडीकाठी भातशेती. स्वतः अकरा वर्षं मिठागरात. पुढे मिठागर बंद पडलं, शेतांवर भराव पडला आणि त्यावर इमारती उठू लागल्या, तेव्हा ते नळजोडणी शिकले. ज्या जमिनीत पाणी शिरू नये म्हणून बाप जन्मभर वाकून राहिला, तिच्यावरच्या भिंतींतून पाणी न्यायचं काम मुलाकडे आलं. त्यांना यात काही विशेष वाटत नसे. मी एकदा या योगायोगावर काहीतरी बोललो, तर म्हणाले, "मास्तर, ती पक्कड द्या."

काम करताना मात्र ते पुजाऱ्यासारखे होत. हेक्सॉने नळी सरळ कापायची, कानस मारून कड गुळगुळीत करायची, मग फडक्याने पुसायची, पुन्हा पुसायची, बोट फिरवून बघायची. मग सोल्युशन, म्हणजे नळी चिकटवायचा गोंद, लावायचं, नळी आत दाबायची, पाव वळसा द्यायचा आणि दोन्ही हातांनी धरून साठपर्यंत मोजायचं. या साठ आकड्यांत घरात कुणी बोलायचं नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी फोन वाजला, तर त्यांनी जोड कापून टाकला आणि नवा केला. फोनचा आणि जोडाचा काय संबंध, असं विचारायची त्या घरात कुणाची छाती झाली नाही.

आणि पाव. गच्चीवरचे वॉल्व पूर्ण बंद होत नाहीत. नळी कापली तरी आतून पाणी झिरपत राहतं, आणि ओल्या नळीला सोल्युशन धरत नाही. म्हणून भोईरकाका कोपऱ्यावरच्या बेकरीतून एक पाव आणत, त्याची कड काढून टाकत आणि मधला मऊ भाग चुरगाळून नळीत कोंबत. जोड होईपर्यंत पाव पाणी पिऊन घेई. नंतर पाणी सोडलं की विरघळून तोटीतून बाहेर पडे. "कड अडकते," एवढं शास्त्र ते सांगत. काढलेली कड ते स्वतः खात.

एका प्रजासत्ताक दिनाला आमच्या सोसायटीने त्यांचा सत्कार केला. मीटरच्या खोलीतली गळती त्यांनी वेळेवर पकडली होती. अध्यक्ष घाडीसाहेबांना शाल-श्रीफळाची आवड आहे. देण्याची आणि घेण्याची. झेंडावंदन झाल्यावर त्यांनी भाषण सुरू केलं. भोईरांना त्यांनी आधी जलरक्षक म्हटलं, मग भगीरथ म्हटलं. भगीरथाने पाणी खाली आणलं होतं आणि भोईरकाका ते खाली येऊ नये म्हणून धडपडतात, हा फरक कुणी बोलून दाखवला नाही. शाल खांद्यावर घेतलेले भोईरकाका घाडीसाहेबांकडे बघत नव्हते. ते त्यांच्या मागच्या खांबाकडे बघत होते. भाषण पाण्याच्या आध्यात्मिक अंगाकडे वळलं तेव्हा ते उठले, अध्यक्षांना हाताने जरा बाजूला केलं आणि खांबावर नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा सुटून घाडीसाहेबांच्या बुटावर पडला.

"खांब फुगला हाय," भोईरकाका म्हणाले. "तुमी बोला."

घाडीसाहेब पुढे फार बोलले नाहीत. सगळे खांबाकडे बघत होते आणि हळूहळू खांबापासून दूर सरकत होते.

त्यांच्या भीतीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, जिन्यात बसून, सोल्युशन सुकायची वाट बघताना. खाडीकाठच्या शेताला मातीचा बांध असतो. खेकडा त्यात बीळ करतो, बोट जाईल एवढं. भरतीला त्यातून खारं पाणी आत येतं. ते दिसत नाही, कारण शेतात आधीच पावसाचं पाणी उभं असतं. म्हणून त्यांचा बाप घरच्यांना बांधालगतच्या चरातलं पाणी चाखायला पाठवायचा. गोड लागलं तर पावसाचं. खारं लागलं तर खाडी आत आली, धावा.

"एका साली उधानाच्या आधी चर चाखला आनि सांगितलं, गोड हाय," ते म्हणाले. "बाप निजून ऱ्हायला. उधान आलं, बांध गेला. तीन वर्सं त्या शेतात भात नाय पिकला. नुसतं गवत, तेबी ढोरं खाईनात."

"कोणी सांगितलं गोड?"

"सांगितलं कोनीतरी," ते म्हणाले आणि जोड बघायला उठले.

त्यानंतरच्या सप्टेंबरात त्यांना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होते. उठले ते गालफडं बसलेले, पण दुसऱ्या दिवसापासून तळवा पुन्हा भिंतीवर होता. आमच्या घरात त्याच सुमाराला आई न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याऐंशी. ऑपरेशन झालं, आणि सहा आठवडे उठवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्यासारखा लोखंडी पलंग भाड्याने आणला. तो सुट्ट्या भागांत आला, आतल्या खोलीत नटबोल्टांनी जोडला गेला आणि खोली भरून राहिला. अखंड तो दारातून बाहेर निघणार नव्हता.

आठवड्याभरात त्या पलंगाच्या बरोबर वर, छतावर, पुरीएवढा डाग उमटला.

आईला दिवसभर तेवढंच बघायला होतं. ती देवगडची. डागाचा आकार तिला कोकण किनाऱ्यासारखा दिसे आणि मी बाहेरून आलो की ती बातमी देई. "सकाळी मालवणापर्यंत होता. आता वेंगुर्ल्याला पोचलाय. उद्या गोव्यात शिरेल." ती हे हसून सांगायची. तिचा हात मात्र चादरीची कड धरून असायचा. चौथ्या दिवशी थेंब पडायला लागला, तिच्या पायांशी. मी पलंगावर बादली ठेवली. घरात दुसरा आवाज नसला की तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

भोईरकाका आले. आईला ते बाय म्हणत. "बाय, हलू नका," असं म्हणून त्यांनी पलंगाशेजारी स्टूल घेतलं. पहिला थेंब थुंकला. दुसऱ्याला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"गोड," ते म्हणाले.

"नक्की? तसं असेल तर पलंग खोलून…"

"गोड हाय, मास्तर. गोडं पानी सावकाश खातं. पलंग ऱ्हाऊ दे. बायचं हाड हलवू नका."

मी पलंग राहू दिला. त्यांच्या जिभेवर सोळा बिऱ्हाडं विसंबून होती; मी सतरावं मत काढणार कुठून?

मग मिश्राभाभींच्या भिंतीतली गोड्या पाण्याची नळी उघडली. दोन दिवस फोडकाम चाललं. आत सगळं कोरडं. भाभी कंबरेवर हात ठेवून उभ्या. "हम तो पहले दिन से बोल रहे हैं, काका. सूखा है मतलब सूखा है." भोईरकाकांनी वळणावरचे दोन जोड, एल्बो, तरीही बदलले. ते करताना साठ मोजले, पण मला वाटलं मध्ये आकडे चुकले. खाली येऊन त्यांनी पुन्हा चाखलं आणि पुन्हा गोड म्हणाले, या वेळी माझ्याकडे न बघता. मग हातोडीच्या दांड्याने डागाभोवती हळूहळू ठोकत गेले. कडेला टण्णकन आवाज येत होता. मध्ये आल्यावर तो बद्द झाला, जसा फुटक्या माठाचा येतो. मी आईकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"हा आवाज वाईट का रे?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलायची साथ घरात आता पसरलेली होती, हे मला अजून माहीत नव्हतं.

मी चहा करायला गेलो. माझे कान त्या ठोकण्याकडे होते आणि पातेलं मी कुठल्या तोटीखाली धरलं याकडे लक्ष नव्हतं. आमच्याकडे ही चूक होते. जावई येतात तेव्हा होते, घरात मयत होतं तेव्हा होते. तीन कप भरले. आईला उशीवर मान वळवून बशीतून पाजला, तर तिने पहिला घोट तसाच बशीत सोडला. मी माझा घेतला आणि खिडकीतून थुंकलो. मचूळ पाण्याचा चहा. दूध फाटायच्या बेतात आलेलं, वर मिठाची चव.

भोईरकाका पलंगाशेजारी उभे होते. त्यांनी कप तळापर्यंत संपवला आणि मिशा पुसल्या. "फस्कलास झाला, मास्तर. आलं टाकलं काय?"

आलं नव्हतं.

मी काही बोलणार होतो. आईने मला हाताने थांबवलं.

"अहो भोईर, इकडे या. बसा जरा."

ते स्टुलावर बसले.

"मिठागरात किती वर्षं होता तुम्ही?"

"अकरा, बाय."

"आणि हा चहा तुम्हाला चांगला लागला."

बादलीत एक थेंब पडला. मग आणखी एक. भोईरकाकांनी रिकाम्या कपात पाहिलं, मग माझ्या भरलेल्या कपाकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी कप जमिनीवर ठेवला, अगदी सावकाश, जसा तो फुटला तर सगळं घर फुटेल.

"तापापासनं कायच लागत नाय," ते म्हणाले. "मीठ नाय, साखर नाय. भात खातो का माती, ठाव नाय."

"मग गोड का म्हणालात?"

"पालिकेचं पानी येतं त्या दिवशी जास्त गलतंय असं वाटलं. म्हनून. जीब बगून बोलवतात ना लोकं. जीब गेली सांगितली तर कोन बोलवंल, बाय? घरात बसून करू काय?"

"मास्तर, ते बांधाचं सांगितलेलं ना तुमाला," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "गोड बोल्लेला मीच. चाखलंच नवतं. चिखलात उतरायचा कंटाला."

मी स्टुलावर चढलो. हे ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पाय चढले. मान मागे टाकली, डोळे मिटले. पहिला थेंब थुंकला, त्यात चुना होता, कडवट. दुसरा जिभेच्या कडेला ठेवला. घाई केली नाही. घाई करावी असं फार वाटत होतं, कारण खाली आई होती, आणि जोपर्यंत मी तोंड उघडत नव्हतो तोपर्यंत ती सुरक्षित होती असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

"बोल रे," आई म्हणाली.

"खारट."

भोईरकाका उभे राहिले. "मानसं आना. आत्ताच्या आत्ता. गादीसकट उचलायची."

मी जिन्याकडे धावलो. मिश्राजी दुकानात गेलेले, त्यांचे दोन भाऊ मिळाले. तिसऱ्या मजल्यावरून एक जण आला. घाडीसाहेब स्वतःहून आले. या सगळ्याला आठ-दहा मिनिटं लागली असतील. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा भोईरकाका पलंगाच्या दांड्यावर एक गुडघा टेकून आईवर ओणवे झाले होते. आमचा जेवायला बसायचा लाकडी पाट त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर आडवा धरला होता. पाटावर छताची बारीक भुकटी पडली होती.

"आलास? मघापासून हा माणूस छत्री धरून उभा आहे," आई म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आपण याबाबत तातडीची सभा…" घाडीसाहेबांनी सुरुवात केली.

"सायेब, पायाकडनं धरा," भोईरकाका म्हणाले. घाडीसाहेबांनी धरलं. त्यांच्या कारकीर्दीतलं ते सर्वांत उपयुक्त काम.

चौघांनी आईला गादीसकट बाहेरच्या खोलीत दिवाणावर आणलं. ती ओरडली नाही. मिश्राजींच्या धाकट्या भावाच्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा मात्र दोन दिवस होत्या. भोईरकाकांनी गच्चीवर माणूस पाठवून बोअरिंगचा वॉल्व बंद करवला. मग सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दारातच उभे राहिले आणि दहा फुटी नळी आत घालून तिच्या टोकाने डागाच्या मध्यावर एकदा ढोसलं.

फार जोर लावावा लागला नाही. कोकण किनारा अखंड खाली आला. आवाज इमारतभर गेला. धूळ बसल्यावर पाहिलं, तर आईची उशी राहिली होती त्या जागी पाटाएवढा तुकडा होता आणि पलंगाचा डोक्याकडचा दांडा वाकला होता. वर सळया उघड्या पडल्या होत्या. बोटाएवढी सळई करंगळीएवढी उरली होती आणि हात लावला की तिचे पापुद्रे सुटत होते.

भोईरकाका उंबऱ्यात खाली बसले. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

त्या दिवशी त्यांनी जोड केला नाही. दुसऱ्या दिवशी मिश्राभाभींच्या संडासाची फरशी उघडली. खालच्या खड्ड्यात, जिथून पाणी स्लॅबमधून आमच्या आतल्या खोलीकडे सरकत होतं, फ्लशला जाणाऱ्या मचूळ पाण्याच्या नळीचा एल्बो होता, आणि त्याला केसाएवढी चीर होती. एवढीच. भोईरकाकांनी पाव आणला, कड काढली, नळी पुसली, पुन्हा पुसली. मग मला म्हणाले, "बोट फिरवा, मास्तर. सुकी हाय काय?" मी फिरवलं. "आनिक एकदा." मी पुन्हा फिरवलं. मग त्यांनी जोड दाबला, पाव वळसा दिला आणि मोजायला लागले. साठाला थांबले नाहीत. शंभरापर्यंत गेले, मग दीडशे. मिश्राभाभीसुद्धा दारात श्वास धरून उभ्या होत्या. कड त्या दिवशी त्यांनी खाल्ली नाही; खिशात घातली.

पुढे जाणत्या माणसाकडून सळया घासून त्यांना लेप दिला, काही नव्या घातल्या, छत पुन्हा केलं. आई उरलेले आठवडे दिवाणावर काढून वॉकर धरून उठली. भोईरांच्या जिभेबद्दल तिने कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. मी तिला एकदा विचारलं, एवढा राग आला नाही का? ती म्हणाली, "दहा मिनिटं पाट धरून बघ, मग बोल."

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याबरोबर हिंडलो. बोलावणं आलं की ते माझ्या दाराशी यायचे. "मास्तर, चला." लोकांना वाटे, वयामुळे काका आता स्टुलावर चढत नाहीत, म्हणून या निवृत्त माणसाला चढवतात. मी मान मागे टाकायचो, पहिला थुंकायचो, दुसरा ठेवायचो. खाली उतरून त्यांच्या कानाशी सांगायचो. मग ते मोठ्याने जाहीर करायचे. एकदाही त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. "परत चढा," म्हणायचे. "नीट चाखलं ना? कंटाला नाय ना केला?" हे विचारताना ते माझ्या डोळ्यांत बघत. आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांपैकी कुणी मला इतक्या गंभीरपणे काही विचारलं नव्हतं. मी परत चढायचो.

मग मुलाने फुलपाड्यातला फ्लॅट विकला आणि ते जूचंद्रला पुतण्यांच्या घराशेजारी राहायला निघाले. घाडीसाहेबांनी खाली टेम्पोपाशी निरोपाचं भाषण केलं, सत्काराची जुनीच शाल पुन्हा उघडून त्यांना घातली आणि त्यांचं स्थान कोणी घेऊ शकणार नाही असं सांगितलं. भोईरकाका भाषण चालू असताना जिना चढून आमच्याकडे आले, उजवा तळवा भिंतीला लावून.

आतल्या खोलीत गेले. स्टूल मागितलं. मी नको म्हणालो तरी चढले आणि छताला तळवा लावून बराच वेळ उभे राहिले.

"सुका हाय," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणता, सुकी भिंत खोटं बोलते," आई वॉकरवरून म्हणाली.

"म्हनून तर सांगतो, बाय. बगत ऱ्हावा."

आईने स्वतः चहा केला. पातेलं कुठल्या तोटीखाली धरते आहे, हे ती त्यांना दिसेल अशा बेताने उभी राहिली. ते चहा हळूहळू प्यायले. खालून टेम्पोवाला हॉर्न देत होता.

"कसा झालाय?" आईने विचारलं.

भोईरकाकांनी कपात पाहिलं.

"ठाव नाय, बाय," ते म्हणाले.

मग ते गेले. जिन्याच्या वळणावर त्यांचा तळवा मला भिंतीवर दिसला, आणि मग तोही खाली गेला. त्यांना काही झालेलं नाही. जूचंद्रला बरे आहेत, पुतण्याच्या नव्या घराच्या भिंती चाचपत असतात असं ऐकतो.

मिश्राभाभींच्या खड्ड्यातला तो जोड आजतागायत गळलेला नाही. त्याच्या शेजारचा गळतो. पालिकेचा आहे, मी दोनदा चाखला.